वृद्धाश्रमाची खतावणी आणि डब्यावरची खूण

दुकानदाराला रोजकीर्द आणि खतावणी यांतला फरक समजावून सांगण्याची गरज नाही. दिवसभरात जे घडले ते तारीखवार रोजकीर्दीत उतरते आणि त्यातले कोणाच्या नावे काय पडले ते खतावणीत ज्याच्या त्याच्या पानावर जाते. नुसती रोजकीर्द ठेवली आणि खतावणी घातलीच नाही, तर एखाद्या गिऱ्हाइकाने ‘माझ्याकडे बाकी किती?’ असे विचारताच वर्षभराची पाने चाळत बसावे लागेल. लिहिलेले सगळे असते, पण वेळेवर हाती काही लागत नाही.

आपल्याकडच्या अनेक लहान वृद्धाश्रमांचे दप्तर नेमके असे असते. हजेरीची वही वेगळी, औषधांची वेगळी, भेटीला येणाऱ्यांची वेगळी, कोठीची वेगळी. देणग्यांची वही तर फारच व्यवस्थित. पण एखाद्या आजोबांची किंवा आजींची सगळी हकिकत एका जागी सांगणारे पान मागितले, तर ते सापडत नाही.

हा विषय व्यापाराच्या पानावर कशासाठी, असे काही वाचकांना वाटेल. त्याचे उत्तर असे की आमच्या वाचकांचा वृद्धाश्रमाशी तीन नात्यांनी संबंध येतो. कोणी देणगीदार किंवा विश्वस्त असतो. कोणी किराणा, औषधे, कापड, छपाई पुरवणारा असतो. आणि कोणाची आई, मामू किंवा खाला तिथे राहत असते. हे तिसरे नाते आपण चारचौघांत सांगत नाही. परंतु न सांगितल्याने ते मिटत नाही, आणि हिशेब नीट ठेवण्याची जी विद्या आपल्यापाशी आहे ती या कामी उपयोगी पडणारी आहे.

रात्री दोन वाजताचे पाच प्रश्न

अवसरी बुद्रुक हे आंबेगाव तालुक्यातले, मंचरजवळचे गाव. पुणे-नाशिक रस्ता मंचरवरून जातो. त्याच रस्त्याने या भागातली तरुण मुले चाकणच्या कारखान्यांत, पुण्यात आणि पुढे मुंबईला जातात. गावी राहतात ते आईवडील. हात चालतात तोवर ते आपले आपण निभावतात. पुढे कोणी मुलाकडे जातो, कोणी आश्रमात.

उदाहरणादाखल असे धरू की, अवसरीच्या एक सत्तरी ओलांडलेल्या आजी तालुक्यातल्या एका लहान आश्रमात राहतात. रात्री दोन वाजता त्यांना दरदरून घाम येतो आणि त्या असंबद्ध बोलू लागतात. रात्रपाळीची सेविका आठ दिवसांपूर्वीच कामाला लागलेली. रिक्षा करून ती त्यांना मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयात आणते. तिथले डॉक्टर पाच प्रश्न विचारतात. कोणती औषधे चालू आहेत? मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन शेवटचे केव्हा दिले, आणि त्यानंतर जेवल्या का? कोणते औषध सोसत नाही? एरवी या नीट बोलतात, की विसरभोळेपणा आधीपासून आहे? आणि घरच्यांपैकी कोणाला कळवायचे?

यांतला चौथा प्रश्न साधा दिसतो, पण डॉक्टरांच्या दृष्टीने तो फार मोलाचा आहे. कालपर्यंत शुद्धीत बोलणारे माणूस आज असंबद्ध बोलत असेल तर साखर उतरली आहे, जंतुसंसर्ग झाला आहे, की मेंदूचा काही विकार आहे, हे तातडीने पाहावे लागते. तेच माणूस दोन वर्षांपासून तसेच बोलत असेल तर विचार वेगळा करावा लागतो. रुग्णालयातले कोणतेही यंत्र हे सांगू शकत नाही. ते आश्रमालाच ठाऊक असते. सकाळपाळीच्या सेविकेला ते तोंडपाठ असेल, पण ती घरी झोपलेली असते. माहिती आहे, माणूस नाही. म्हणून त्या घटकेला माहितीही नाही.

परतीच्या वाटेवरही हाच घोळ होतो. रुग्णालयाने दोन गोळ्या बंद करून एक नवी दिलेली असते. डिस्चार्ज कार्ड मुलाच्या खिशात पुण्याला जाते आणि आश्रमात जुनी चिठ्ठी चालू राहते. आजींच्या पोटात नवी गोळीही जाते आणि बंद केलेल्या दोन्हीही जातात. यात कोणाची नियत खोटी नसते. खतावणी नसल्याचा हा परिणाम असतो, आणि दुकानात तो नुकसानीत दिसतो तसा इथे जिवावर दिसतो.

मोजदादीचीच वानवा

एका पानाची ही गोष्ट झाली. साऱ्या देशाच्या वहीकडे पाहिले तर तिथेही रकाने रिकामे आहेत. २०११ च्या जनगणनेत साठ व त्यावरील वयाची माणसे १० कोटी ३८ लाखांच्या घरात होती. महाराष्ट्रात त्याआधीच, १९९५ साली, राज्य शासनाने मातोश्री वृद्धाश्रम योजना आणली होती. २००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थाचा आणि कल्याणाचा कायदा केला. निराधार वृद्धांसाठी राज्यांनी टप्प्याटप्प्याने आश्रम उभारावेत आणि त्याची सुरुवात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांची सोय असलेल्या एका आश्रमाने व्हावी, अशी तरतूद त्यात आहे. महाराष्ट्राने आपले नियम २०१० साली केले.

पुढे माजी केंद्रीय कायदामंत्री डॉ. अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०१८ रोजी निकाल दिला. त्यात केंद्र सरकारला जे आदेश झाले त्यांपैकी एक असा होता, की प्रत्येक राज्याकडून जिल्हावार वृद्धाश्रमांची संख्या आणि वृद्धांसाठी असलेल्या वैद्यकीय सोयी यांची माहिती गोळा करून न्यायालयापुढे ठेवावी. कायदा होऊन अकरा वर्षे लोटल्यावर देशातल्या सर्वोच्च न्यायालयाला आधी मोजा असे सांगावे लागले. यावरून दप्तराची अवस्था ध्यानात येईल.

माहिती गोळाच होत नाही असे मात्र नाही. केंद्राच्या नमुना नियमांनुसार पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतल्या, विशेषतः एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची यादी ठेवायची असते. आरोग्य खात्याची नोंद वेगळी, संजय गांधी व श्रावणबाळ योजनांची तहसील कचेरीतली वेगळी, रेशनची वेगळी, बँकेची वेगळी. वृद्ध माणूस एकच, पण तो पाच वह्यांत पाच तऱ्हांनी लिहिलेला. एका ठिकाणी जन्मसाल वेगळे, दुसऱ्या ठिकाणी नावाचे स्पेलिंग वेगळे. आपल्या समाजात हा घोळ अधिक होतो. शेख, सय्यद कधी नावाआधी लागते तर कधी शेवटी. बीबीचे बी होते. मग पेन्शन अडते आणि म्हातारपणी सेतू कार्यालयाच्या फेऱ्या सुरू होतात.

बाहेरच्यांनी काय केले

अमेरिकेत १९८६ साली इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने तिथल्या शुश्रूषागृहांच्या दर्जावर अहवाल दिला आणि १९८७ साली कायदा झाला. त्या कायद्यातून ‘किमान माहिती संच’ पुढे आला. सरकारी योजनांचा पैसा घेणाऱ्या प्रत्येक गृहाने प्रत्येक रहिवाशाची ठरावीक माहिती ठरावीक नमुन्यात आणि ठरावीक मुदतीने भरायची: चालता येते का, स्वतः जेवता येते का, स्मरण कसे आहे, वजन घटले का, अंगावर जखम आहे का. १९९८ पासून ती संगणकाने पाठवणे सुरू झाले.

याचा फायदा झाला, कारण दोन गृहांची तुलना करता येऊ लागली. पण त्याच सुमारास तिथल्या मेडिकेअर योजनेचे पैसेही या नमुन्यावरून ठरू लागले. पुढे काय झाले ते व्यापाऱ्याला सहज समजेल. तिथल्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांनी २०१२ साली दिलेल्या अहवालानुसार २००९ च्या बिलांपैकी सुमारे चौथा हिस्सा चुकीचा होता आणि त्यातून दीड अब्ज डॉलर गैरवाजवी दिले गेले. ज्या वहीवरून पैसे मिळायचे आहेत ती वही पैसे घेणाराच भरत असेल, तर तपासणारा डोळा दुसरा हवा.

इंग्लंडमध्ये हर्टफर्डशायर विद्यापीठाच्या पुढाकाराने २०१९ पासून अशाच किमान माहिती संचावर अभ्यास झाला. कोविडच्या साथीने त्याची निकड आणखी पटवली. तिथली अडचण आपल्या ओळखीची आहे. गृहांकडून निरनिराळी खाती निरनिराळ्या वेळी तीच तीच माहिती मागतात, सेविकांचा वेळ कागदात जातो आणि एवढे करून ती माहिती रुग्णालयाच्या नोंदीशी जोडलेली नसते. म्हणून एकदा लिहावे आणि जोडून वापरावे, या दिशेने तिथे प्रयत्न झाले.

आपल्याच तालुक्यांची विद्या

या कामासाठी आपल्याला मात्र परदेशाकडेच पाहायला हवे असे नाही. मुंबईचा डबेवाला कोणत्या भागातला? जुन्नर, आंबेगाव, खेड, मावळ या तालुक्यांतला. १८९० साली महादू हावजी बच्चे यांनी मुंबईत हे काम सुरू केले. कोविडनंतर डबेवाल्यांची संख्या बरीच घटली आहे, पण त्यांची पद्धत जगभरच्या व्यवस्थापनाच्या शाळांत अभ्यासली गेली.

त्या पद्धतीचे मर्म झाकणावरच्या खुणेत आहे. डबा घरातून निघून कचेरीत पोहोचेपर्यंत तीन-चार हातांतून जातो. झाकणावर रंग, अक्षरे आणि आकडे असतात: कुठून उचलला, कोणत्या स्टेशनला उतरवायचा, तिथे कोणी घ्यायचा, कोणती इमारत, कोणता मजला. पुढच्या हाताला जेवढे लागते तेवढेच. डब्यात भाजी कोणती आहे, गिऱ्हाइकाचा पगार किती, घरी कोण कोण आहे, यांतले झाकणावर काही नसते. खूण साऱ्यांना सारखी वाचता येते, म्हणून माणूस बदलला तरी डबा चुकत नाही.

वृद्धाश्रमाला हेच दोन भाग लागतात. आश्रमात प्रत्येकाच्या नावे खतावणीचे पूर्ण पान, आणि त्यातून पुढच्या हातासाठी काढलेली झाकणावरची खूण. पान कुलपात राहील, खूण माणसाबरोबर जाईल. आमच्या मते सुधारणेचे सारे सूत्र एवढेच आहे.

कार्डावर काय असावे

एका जाड कागदाच्या दोन बाजूंत बसेल एवढेच कार्ड असावे. कोणत्याही छापखान्यात ते छापून मिळेल. आमच्या मते त्यावर पुढील गोष्टी असाव्यात.

१) नाव, ओळखपत्रावर आहे तसेच, हाक मारायचे नाव वेगळे असल्यास तेही. जन्मसाल, रक्तगट.

२) चालू औषधे: नाव, मात्रा, वेळ, आणि शेवटचा बदल कोणत्या तारखेला, कोणत्या डॉक्टरांनी केला. जुने खोडून टाकू नये. त्यावर एक रेघ मारून बंद केल्याची तारीख घालावी, जशी खात्यात चूक दुरुस्त करतात.

३) न सोसणारे औषध किंवा पदार्थ, लाल शाईने.

४) एरवीची स्थिती: चालणे, बोलणे, ऐकणे, दिसणे, स्मरण. चष्मा, कवळी, कानाचे यंत्र आहे का. कोणती भाषा समजते. दखनी बोलणाऱ्या आजीला प्रमाण मराठीत विचारले आणि तिने उत्तर दिले नाही, तर ती गोंधळलेली ठरते.

५) पूर्वीचा धंदा. हा रकाना क्वचितच दिसतो आणि आमच्या कारागीर वाचकांसाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. जन्मभर कापूस पिंजणाऱ्याच्या छातीत ती धूळ साठलेली असते. दगड फोडणाऱ्याचा किंवा सहाणेवर धार लावणाऱ्याचा खोकला सिलिकोसिसचा असू शकतो आणि तो क्षय समजला जाऊ शकतो. धंदा माहीत असेल तर डॉक्टर योग्य दिशेने तपासतील.

६) खाण्यापिण्याचे आणि इबादतीचे नियम, आणि शेवटच्या वेळी कोणाला कळवायचे, कोणत्या गावी आणि कोणत्या रीतीने दफन व्हावे. हे विचारताना संकोच वाटतो. पण ज्या आश्रमात सर्व धर्मांची माणसे राहतात तिथे हे लिहिलेले नसेल आणि नातलग वेळेवर पोहोचले नाहीत, तर झालेली चूक पुन्हा सुधारता येत नाही.

७) दोन माणसांची नावे व फोन, एक जवळ राहणारा, एक निर्णय घेऊ शकणारा.

रुग्णालयातून परत आल्यावर चोवीस तासांच्या आत डिस्चार्ज कार्डावरून हे कार्ड सुधारावे. २००२ च्या वैद्यकीय आचारनियमांनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या व्यक्तीने कागदपत्रे मागितल्यास डॉक्टरांनी ती ७२ तासांत द्यायची असतात. हा हक्क फार थोडे लोक वापरतात. आणि महिन्यातून एकदा, जसा आपण गल्ल्याचा व वहीचा मेळ घालतो तसा, कार्ड आणि गोळ्यांचा डबा समोर ठेवून ताळा पाहावा. हे काम व्यवस्थापकाने न करता विश्वस्तांपैकी एकाने करावे.

झाकणावर काय नसावे

आता दुसरी बाजू. एका गिऱ्हाइकाची उधारी दुसऱ्याला सांगणारा दुकानदार बाजारात टिकत नाही. वृद्धाची माहिती ही आश्रमाकडे अमानत आहे. आधार क्रमांक, बँकेचे खाते, जमिनीचे कागद, मुलांशी असलेला वाद हे कार्डावर येता कामा नये. देणगीदारांना दाखवण्यासाठी आजारी माणसाचे फोटो आणि केसपेपर मोबाइलच्या गटांवर फिरवणे हेही थांबले पाहिजे.

सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे मान्य केले. २०२३ साली डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांच्या मुदतीनंतर लागू होतील अशी रचना आहे. केवळ कागदावर राहिलेल्या नोंदीला हा कायदा लागत नाही, पण कागदावर घेतलेली माहिती पुढे संगणकात गेली की लागतो. माहिती कशासाठी घेत आहोत ते सांगून संमती घेणे, चूक असेल तर दुरुस्त करून देणे, गरज संपल्यावर पुसून टाकणे, ही त्यातली तत्त्वे आहेत. आपल्या पश्चात किंवा आपण असमर्थ झाल्यास हे हक्क कोणी बजावावेत त्याचे नाव आधी नोंदवण्याचा अधिकारही त्यात दिला आहे. वृद्धांसाठी ही तरतूद मोलाची आहे. शुद्ध असताना विचारून ठेवले तर पुढे भांडण होत नाही.

सरकारी डिजिटल आरोग्य अभियान २७ सप्टेंबर २०२१ रोजी देशभर सुरू झाले. त्यातले चौदा अंकी ‘आभा’ खाते ऐच्छिक आहे आणि त्यातून एका रुग्णालयाचे कागद दुसऱ्याला संमतीने दाखवता येतात. सत्तरी पार केलेल्यांना २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान योजनेत घेतले गेले. ही दोन्ही कामे आश्रमाने करून द्यावीत. मात्र एक गोष्ट तपासावी: खात्याला मोबाइल क्रमांक कोणाचा जोडला आहे? संमतीचा संकेतांक त्या फोनवर येतो. तो फोन आश्रमाच्या कारकुनाचा असेल तर संमती कारकुनाची झाली, आजींची नव्हे. आणि तोच क्रमांक बँकेलाही जोडला असेल तर पेन्शनच्या रकमेचे दारही उघडे राहिले. शक्यतो वृद्धांचा स्वतःचा, नाही तर त्यांनी निवडलेल्या नातलगाचा क्रमांक असावा. फसवणूक किंवा छळाचा संशय आल्यास १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची मोफत मदतवाहिनी आहे.

आपले काम

औषध दुकानदारांना हे नवे नाही. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ यादीतल्या औषधांसाठी डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग यांची नोंद ठेवून ती तीन वर्षे जपण्याची सवय त्यांना आहे. आश्रमाची औषधे ज्याच्या दुकानातून जातात त्याने दर महिन्याला माणसागणिक वेगळी यादी दिली, तर कार्डाचा अर्धा ताळा तिथेच होईल. छापखानेवाल्याने कार्डाचा नमुना एकदा जुळवून ठेवावा. अवसरी, मंचर, घोडेगाव, नारायणगाव इथल्या आश्रमांनी आणि दवाखान्यांनी एकच नमुना वापरला तर वाचणाऱ्याला शोधावे लागणार नाही. अवसरी खुर्दला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. पुढे संगणकावर जायचे झाल्यास सल्ल्यासाठी लांब जावे लागणार नाही. पण आधी कागदावर जमले पाहिजे. कागदावरची अव्यवस्था संगणकात घातली तर ती लवकर सापडते एवढेच, कमी होत नाही.

ज्यांचे आईवडील घरीच आहेत त्यांनीही हे कार्ड आजच लिहावे. रात्री दोन वाजता सून किंवा नातू डॉक्टरांसमोर उभे राहतील तेव्हा त्यांची अवस्था त्या सेविकेहून फार वेगळी नसेल.

आणि जे देणगी देतात त्यांना आमची एक विनंती आहे. रमजानचे धान्य आणि हिवाळ्यातल्या रजया पोहोचवायला जाल तेव्हा व्यवस्थापकांना विचारा, “रात्रपाळीला नव्या बाई आल्या, तर आजींची औषधे त्यांना कुठे वाचायला मिळतील?” आजींचे पान उघडून पाहू नका, ते तुमचे नाही. पान आहे की नाही, आणि त्यावर शेवटची तारीख कोणती आहे, एवढेच विचारा. नसेल तर पुढच्या देणगीत शंभर कार्डांची छपाई घाला.